जुने कर्मचारी, नवे उमेदवार : स्पर्धा नेमकी कोणाशी?

आपल्या समाजातील अनेक घरांत आज दोन पिढ्या एकाच वेळी नोकरीच्या काळजीत आहेत. वडील सेवानिवृत्तीला आलेले असतात आणि मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असते. "जुन्यांनी जागा सोडल्याशिवाय आम्हांला नोकरी कशी मिळणार?" असे तरुण विचारतात. "घर अजून आमच्याच पगारावर चालते, त्याचे काय?" असे वडीलधारे म्हणतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणूनच त्यांचा विचार रागाने न करता हिशोबाने करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम नियम पाहू. राज्य शासनाच्या सेवेत गट अ, ब व क मधील बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी, तर गट ड मधील ६० व्या वर्षी निवृत्त होतात. केंद्र सरकारने १९९८ मध्ये हे वय ५८ वरून ६० केले. राज्यातही तसेच करावे, ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे आणि परीक्षार्थींचा तिला विरोध आहे. दुसरीकडे, २०१६ मध्ये राज्याने नोकरीत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ केली. त्यामुळे २२ वर्षांची मुलगी आणि ४२ वर्षांचा दोन लेकरांचा बाप एकाच परीक्षेला शेजारी शेजारी बसू शकतात.

आता हिशोब. समजा, एका कार्यालयात ३० पदे मंजूर आहेत व दरवर्षी एक जण निवृत्त होतो. निवृत्तीचे वय दोन वर्षांनी वाढवले तर दोन वर्षे एकही जागा रिकामी होणार नाही. पुढे पूर्वीचाच क्रम सुरू होईल. हे नुकसान लहान नाही. ज्याची वयोमर्यादा नेमकी त्या दोन वर्षांत संपते, त्याची संधी कायमची जाते. तेव्हा तरुणांची तक्रार खोटी म्हणता येत नाही. परंतु या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे रिकामी झालेली जागा भरली जाईल.

ती नेहमी भरली जात नाही. आमच्या बँक क्षेत्राचेच उदाहरण घ्या. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबविली आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी अधिकारी एकदम बाहेर पडले. जुने गेले की नवे येतात, हे खरे असते तर त्या वर्षी लाखभर तरुणांना नोकऱ्या लागल्या असत्या. तसे झाले नाही. कारण माणसे कमी करणे हाच योजनेचा हेतू होता आणि संगणक आले होते. २००१ मध्ये बँक भरती मंडळेही बंद झाली. कारकुनांसाठी सामाईक भरती परीक्षा सुरू झाली ती २०११ मध्ये. मधल्या काळात किती तरुणांचे वय निघून गेले असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

शिक्षण खात्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांच्या रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर, ७० वर्षे वयापर्यंत, तात्पुरते घेण्याचा निर्णय झाला. डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांनी त्याला विरोध केला, तो योग्यच होता. पण त्यांचे भांडण निवृत्त गुरुजींशी होते काय? जागा मंजूर होत्या, रिकाम्या होत्या. रखडली होती ती भरती. ती पुढे २०२४ मध्ये पवित्र प्रणालीतून झाली.

याच्या उलट प्रकारही आपल्या जिल्ह्यात घडला. २०२५ मध्ये आश्रमशाळांतील रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बाह्यस्रोत भरतीविरुद्ध नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केले. वर्षानुवर्षे राबलेली ही माणसे. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्यांनाही कायम नोकरी नव्हतीच. म्हणजे जुना गेला आणि नवाही कायम झाला नाही. शिवाय बाह्यस्रोताने माणूस घेतला की बिंदुनामावलीचे संरक्षण हातून निसटते. पदच उरले नाही तर आरक्षण कशात मिळणार?

आपल्या सुरगाणा तालुक्यातून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या मजुराला तर निवृत्तीच नाही. कर्मचारी ५८ व्या वर्षी घरी बसतो. मजुराला श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, योग्य वेतन द्यावे आणि आजारपणात त्याची काळजी घ्यावी, हा त्यांचा आशय आहे. शक्तीप्रमाणे काम, या एका तत्त्वात तरुण व वृद्ध दोघांचीही सोय आहे. पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. एका कामगारावरचा भार कमी झाला तर दुसऱ्याच्या हाताला काम मिळण्यास वाव राहतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनी कोण कधी निवृत्त होतो एवढेच मोजू नये. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि राखीव अनुशेष किती, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. निवृत्त बांधवांनी जेथे पात्र तरुण बसून आहे तेथे मानधनाची जागा घेण्यापूर्वी विचार करावा. त्यांच्या अनुभवाची गरज संस्थेच्या अभ्यासिकेत आहे. आठवड्यातून दोन तास गणित, इंग्रजी शिकवले तरी पुष्कळ. बाप आणि लेक एकाच अर्जावर सही करून रिकाम्या जागांचा जाब विचारू लागले, तर त्या जागा भरण्याची शक्यता वाढेल. आपसात भांडत राहिलो, तर त्या रिकाम्याच राहतील.