कार्ड खाटेपर्यंत, दुखणं घरापर्यंत

खापरच्या बाजारात दुपारचं ऊन आहे, पण वारा बोचरा आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरून गुजरातकडे निघालेल्या ट्रकांचा धुरळा आमचूर आणि भगरीच्या गोण्यांवर बसतो आहे. मेडिकलच्या पायरीवर एक बाई पदराची गाठ सोडते आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट दुकानदारापुढे धरते.

"दादा, हीच द्या. पोराची हाडं फुटताहेत."

दुकानदार पाकीट उलटंसुलटं करून वाचतो. "मावशी, ही ट्रामाडॉल आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही देता येत."

"तिकडे तर मिळाली होती."

तिकडे म्हणजे सरहद्दीपलीकडे, ऊसतोडीच्या फडावर. मुकादमाने कुठून तरी आणून दिली होती. कळ आलेला माणूस कोयता चालवू शकत नाही आणि उचल तर आधीच घेतलेली असते.

पोरगा भिंतीला टेकून बसला आहे. वय विशीच्या आसपास. गुडघे छातीशी घेतलेले, डोळ्यांत पिवळसर झाक. आई त्याच्याशी वसावी बोलीत बोलते, तो फक्त मान हलवतो. त्याला सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडामांसाला प्राणवायू पोचत नाही. थंडी, अंगातलं कमी झालेलं पाणी, अतिश्रम यांपैकी कशानेही कळ उठते. ऊसतोडीच्या फडावर ही तिन्ही एकत्र असतात.

बाजाराला आलेली आशाताई त्यांना ओळखते. "चल मावशी, आधी डॉक्टरांना दाखवू." मीही त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जातो.

डॉक्टर तरुण आहेत, रांग मोठी आहे, तरी ते पोराला पुढे घेतात. बोटाला ऑक्सिमीटर लावतात. आकडा 93 वर थांबतो. मग प्रश्न सुरू होतात. गोळ्या किती घेतल्या? शेवटची कधी? सोबत आणखी काही?

पोरगा आईकडे बघतो. "परवा रात्री तीन घेतल्या. मोहाची पण थोडी प्यायलो. झोपच लागेना."

"मग लागली?"

उत्तर आई देते. "लागली ना साहेब. इतकी, की हलवलं तरी उठेना. घोरत होता, घशात खरखर होत होती. मला वाटलं, चला, दुखणं थांबलं."

डॉक्टर लिहायचे थांबतात. खुर्ची पुढे ओढून ते आईच्या डोळ्यांत बघत हळू बोलू लागतात. ती झोप नव्हती. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं औषध आहे. ते कळ दाबतं, पण मात्रा वाढली किंवा त्यावर दारू, झोपेची गोळी गेली, तर मेंदू श्वास घ्यायचंच विसरू लागतो. श्वास मंदावतो, घशात खरखर होते, ओठ निळे पडतात, माणूस जागा होत नाही. सिकलच्या रुग्णाला त्यात दुहेरी मार बसतो. श्वास मंदावला की रक्तातला प्राणवायू घटतो, तो घटला की आणखी पेशी वाकतात आणि कळ पुन्हा उठते. मग माणूस आणखी एक गोळी घेतो.

"मग गोळी नकोच द्यायला," आई म्हणते.

"द्यायची मावशी. दुखणं खरं आहे त्याचं. पण ती मोजून द्यायची, आणि कुणाचं तरी लक्ष असताना."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतो, कारण आपल्याकडे दोन्ही टोकं सहज गाठली जातात. एकीकडे कळवळणाऱ्या माणसाला नशेबाज समजून परत पाठवलं जातं. दुसरीकडे मूठभर गोळ्या हातात पडतात आणि विचारपूस कुणी करत नाही. डायक्लोफेनॅकसारखी नेहमीची वेदनाशामकं सिकलच्या आजाराने आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर घाव घालू शकतात, म्हणून जबर कळेत डॉक्टरांना अफूजन्य औषधाकडे वळावं लागतं. संसदेने 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसारखी औषधं रुग्णापर्यंत पोचणं सोपं केलं. 2018 मध्ये ट्रामाडॉल याच कायद्याखाली आणलं. औषध मिळणं आणि त्यावर नजर असणं, दोन्हींची गरज कायद्यालाही मान्य आहे.

आई प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढते. रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, सिकलसेलचं कार्ड. पावसाळ्यात पोरगा मोठ्या दवाखान्यात भरती होता. "कार्डावर झालं सगळं. एक पैसा नाही लागला," ती समाधानाने सांगते. ते खरंच आहे आणि मोलाचं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्यामुळे कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण या योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मान भारतच्या नियमात सुट्टीनंतरच्या 15 दिवसांचं औषध येतं. सोळाव्या दिवसापासून दुखणं कुटुंबाचं. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, पण ऊसतोडीला गेलेला पोरगा इथे येणार कसा? कळ कमी करणारी हायड्रॉक्सियुरिया गोळी रोज घ्यावी लागते. ती फडावर संपली, आणि तिच्या जागी मुकादमाचं पाकीट आलं.

गरिबांसाठीचं विम्याचं कार्ड असूनही अतिमात्रेचा धोका उरतो, हे खापरपुरतं नाही. अमेरिकेत मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटाची सरकारी योजना आहे. 2020 मध्ये तिच्या छत्राखाली देशातले सुमारे एक चतुर्थांश लोक होते, पण अमली पदार्थांच्या अतिमात्रेने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याच्या जवळपास त्यांच्यातले होते. तिथे फेंटानिल आहे, इथे ट्रामाडॉल, तिथली व्याप्ती फार मोठी. तरी एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. धोका एका पातळीवर थांबत नाही. उपचार चालू असताना तो उतरतो, खंड पडला की चढतो. काही दिवस अफूजन्य औषध सुटलं की शरीराची सवय मोडते आणि पूर्वी सोसलेली मात्राच घातक ठरू शकते. आपल्या देशातही 2019 मध्ये जाहीर झालेल्या एम्सच्या पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख निघाले, आणि त्यांत औषधी गोळ्या-सिरप घेणारे मोठ्या संख्येने होते.

पोराला सलाइन लागलं आहे. आजची रात्र तो इथेच राहणार. डॉक्टर आईकडून धडा वदवून घेतात. उठेना तर? "108 ला फोन." तोवर? "कुशीवर वळवायचं, श्वास बघत राहायचं." गोळीवर दारू? ती जोरात मान हलवते. आल्या आल्या टोचण्यासाठी नॅलोक्सोन असतं, ते अफूचा अंमल उतरवतं, पण त्यासाठी माणूस वेळेत पोचायला हवा, हेही ते सांगतात.

आशाताई वहीत गोळ्यांची पुढची तारीख लिहिते आणि विचारते, "परत फडावर जाणार का?"

"उचल फिटली नाही ताई."

आशाताई फडाचं गाव विचारून घेते, मुकादमाचा फोन नंबर लिहिते. हे तिच्या कामाच्या यादीत नाही, ती स्वतःहून करते आहे. नेमकं हेच काम योजनेत लिहिलं गेलं पाहिजे. सुट्टी झालेला सिकलचा प्रत्येक रुग्ण कुठल्या गावी गेला, तिथे त्याला हायड्रॉक्सियुरिया कोण देणार, कळ उठली तर मोजून गोळी कोण देणार, हे सुट्टीच्या कागदावरच ठरलं पाहिजे. आयुष्मान कार्ड राज्याची सरहद्द ओलांडून चालतं, मग औषधानेही ती ओलांडायला हवी. भरतीचा खर्च सरकार देतंच आहे. त्यानंतरच्या महिन्यांची जबाबदारीही त्याने उचलावी, कारण या पोराचा श्वास मंदावला तो दवाखान्याच्या खाटेवर नव्हे, घरच्या गोधडीवर.