अंडी घालायला निघालेल्या माशाचा माग

अमरावती-अकोल्यापासून समुद्र लांब खरा, पण आपली पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळून समुद्राला जाते. त्या समुद्रात हिलसा मासा असतो. किनाऱ्यावर त्याला पाला म्हणतात. तो वाढतो खाऱ्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला गोडं पाणी लागतं. म्हणून पावसाळ्यात पूर आला की तो नदीत वर चढतो, बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीसारखा.

तो कुठून कुठे गेला, हे कसं कळतं? गंगेवर फरक्क्याला १९७५ साली बंधारा सुरू झाला आणि वरच्या भागात हिलसा फारच कमी झाला. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने जिवंत हिलसा बंधाऱ्याच्या वर नेऊन सोडले. काहींच्या अंगावर नंबराची खूण टोचली, गुरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखी. असा मासा जाळ्यात आला की मासेमाराने नंबर, जागा आणि तारीख कळवायची. त्याने कळवलंच नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

दुसरी रीत आम्हाला फार आवडली. माशाच्या डोक्यात कानाचा एक बारीक खडा असतो. त्यावर वयाप्रमाणे थर चढतात. खाऱ्या पाण्यात चढलेल्या थरात स्ट्रॉन्शियम जास्त असतं, गोड्या पाण्यातल्या थरात कमी. खडा कापला की माशाचा प्रवास वाचता येतो. खारपाणपट्ट्यातल्या बाईला पाण्यातला फरक आम्ही काय सांगावा!

तापीवर १९७२ साली उकाई धरण झालं. मासा भिंत चढू शकत नाही.

आपले रोहू, कटला, मृगळ समुद्रात जात नाहीत, पण पुरात तेही वर चढतात. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून तर संस्थेला बोटुकली विकत घ्यावी लागते. किलोभराच्या रोहूच्या पोटात लाखावर अंडी असतात. पहिल्या पुरात नाल्याला आडवी मच्छरदाणी लावली, की ती सगळी गेली. भोई घरच्या बाया म्हणतात, त्याच दिवसांत चार पैसे मिळतात. तेही खरं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात, तशी पूर्ण बंदी आम्ही मागत नाही. पण नाल्याचा अर्धा पाट मोकळा सोडा आणि मच्छरदाणी वापरू नका.

गटाने एक वही घालावी. पहिला पूर कधी आला, कोणता मासा कुठे दिसला, पोटात अंडी होती का, एवढंच लिहायचं. ज्या बाया मासे साफ करतात, त्यांनाच हे सगळ्यात आधी दिसतं. वही बचतीच्या रजिस्टरसोबत ठेवा, म्हणजे बैठकीत आठवणीने भरली जाईल.