रुळांचा दुसरा मजला

आठ बाय चार फुटी प्लायवूडच्या तक्त्यावर रेल्वेची प्रतिकृती मांडली की लवकरच जागा संपते. मग वर आणखी एक मजला चढवावा असे वाटू लागते. चार खांब, त्यांवर फळी, फळीवर रूळ. एवढे सोपे असते. अवघड असते ते गाडीला खालून वर नेणे. त्यामागचे गणित मात्र नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना सहज झेपणारे आहे.

प्रथम उंची पाहू. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एच.ओ.’ प्रमाणात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या १/८७ असते. सव्वाचार मीटर उंचीची गाडी येथे सुमारे पाच सेंमी. होते. तिच्यावर मोकळी जागा हवी, शिवाय वरच्या फळीची जाडी आणि घसरलेला डबा उचलायला बोटे शिरतील एवढी फट. तेव्हा खालच्या व वरच्या रुळांत दहा सेंमी. अंतर धरू.

आता चढ. भोर घाटात रेल्वे ३७ मीटर पुढे जाते तेव्हा १ मीटर वर चढते, म्हणजे चढ २.७ टक्के. एवढ्या चढासाठीही अनेक गाड्यांना कर्जतला मागून रेटणारी जादा इंजिने जोडतात. प्रतिकृतीत लांबी आणि उंची दोन्ही ८७ पटींनी लहान होतात, पण त्यांचे गुणोत्तर तेच राहते. चढ लहान होत नाही! भोर घाटाच्या चढाने दहा सेंमी. वर जायला ३७० सेंमी. रूळ लागतो, आणि आपला तक्ता जेमतेम २४० सेंमी. लांब आहे.

मग चढ वाढवता येईल का? इंजिनाची चाके रुळावर जागच्या जागी फिरू लागेपर्यंतच इंजिन ओढू शकते. ही मर्यादा दोन सोप्या प्रयोगांनी मोजता येते.

१) फळीवर सरळ रूळ बसवा व त्यावर वीज न जोडलेले इंजिन ठेवा. बहुतेक इंजिनांची चाके आतल्या दंतचक्रांमुळे अडून राहतात. फळीचे एक टोक सावकाश उचला. इंजिन घसरू लागेल तेव्हाची उंची भागिले आडवे अंतर, हा घर्षणांक.

२) इंजिनाच्या जागी डबा ठेवा. हलका धक्का दिल्यावर डबा ज्या उतारावर एकसारख्या वेगाने घरंगळत राहतो, त्या उताराचे गुणोत्तर म्हणजे डब्याला होणारा विरोध.

समजा, पहिले उत्तर ०.२ आणि दुसरे ०.०२ आले. इंजिन ३०० ग्रॅमचे, आणि प्रत्येकी १०० ग्रॅमचे सहा डबे. इंजिन जास्तीत जास्त ३०० × ०.२ = ६० ग्रॅमभार ओढेल. त्यातले ६०० × ०.०२ = १२ डब्यांच्या विरोधात खर्च होतात. उरलेल्या ४८ मध्ये ९०० ग्रॅमची अख्खी गाडी चढवायची. म्हणून चढाची मर्यादा ४८ ÷ ९००, म्हणजे सुमारे ५.३ टक्के. बारा डबे जोडले तर हीच मर्यादा २.४ टक्क्यांवर येते. वळणावर विरोध वाढतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच चढ ठेवावा.

तक्त्याच्या कडेने ४५ सेंमी. त्रिज्येची वळणे घेऊन लंबगोल मार्ग टाकला, तर एक फेरी सुमारे ५६० सेंमी. भरते. याच फेरीत वर जाऊन खाली यायचे तर चढाला निम्मी, म्हणजे २८० सेंमी. लांबी मिळते. चढ एकदम सुरू केला तर डबे सुटतात, म्हणून दोन्ही टोकांना ३०-३० सेंमी. भागात तो हळूहळू वाढवावा व कमी करावा. तेथे सरासरी चढ निम्माच असल्याने हिशेबात २५० सेंमी. उरतात. चढ होतो ४ टक्के. सहा डबे चढतील, बारा नाहीत. शिवाय वर स्थानकाला सपाट जागाच राहत नाही.

उपाय खऱ्या रेल्वेत सापडतो. दार्जिलिंगच्या मार्गावरील बतासिया येथे (१९१९) आणि स्वित्झर्लंडमधील ब्रुसिओ येथे (१९०८) रूळ वेटोळे घेऊन स्वतःच्याच मार्गाला ओलांडतो. आपणही खालच्या मार्गावर सांधा बसवून चढाची शाखा कडेने पूर्ण फेरी फिरवावी. फेरीअखेर ती आपल्याच आरंभावर दहा सेंमी. उंचीवर येईल. तेथून ती आत वळवून वरच्या स्थानकात संपवावी. गाडी त्याच वाटेने परत उतरेल. आता सगळी फेरी चढालाच मिळाली : ५६० वजा ३०, म्हणजे ५३० सेंमी. चढ १.९ टक्के. बारा डब्यांनाही तो चालेल.

फळी कापण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक उदाहरण द्यावे. ‘एन’ प्रमाणात प्रत्येक वस्तू १/१६० असते. फळीची जाडी व बोटांची फट तेवढीच ठेवली, तर दोन रुळांतले अंतर निम्मे होईल का?