कर्जरोखा आणि इंग्रजीचा तास

शेक्सपिअर खेड्यातील विद्यार्थ्याला झेपत नाही, तेव्हा इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून त्याला रजा द्यावी, असे मत शिक्षकवर्गातही वरचेवर ऐकू येते. नोकरीच्या बाजारात उपयोगी पडेल तेवढे इंग्रजी शिकवा, चारशे वर्षांपूर्वीचे संवाद कशाला, असा त्यामागील युक्तिवाद. परंतु झेपत नाही ते नाटक की आपली शिकवण्याची रीत, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अध्यापक उतारा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, प्रमुख पात्रांवर टिपणे उतरवून देतात. परीक्षेच्या तोंडावर गाईड हाती येते आणि नाटक तेथेच संपते. पाच अंकांतील एक वाक्यही विद्यार्थ्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले नसते. नाटक ही बोलण्याची कला. तिचा सारांश पाठ करून भाषा येईल, ही अपेक्षा विहिरीच्या काठावर बसवून पोहणे शिकवण्यासारखी आहे.

वास्तविक यवतमाळ जिल्ह्यातील मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हे नाटक परके वाटण्याचे काहीच कारण नाही. मित्राच्या गरजेपायी एक व्यापारी सावकाराकडून ३,००० डुकाट तीन महिन्यांच्या मुदतीने उचलतो. त्याची सारी मालमत्ता समुद्रावरील जहाजांत अडकलेली आहे. जहाजे वेळेवर आली नाहीत, तर रोख्यातील अटीप्रमाणे शरीराचे पौंडभर मांस द्यावयाचे आहे. उभ्या कपाशीच्या भरवशावर पेरणीलाच कर्ज उचलणाऱ्या घरातील मुलाला या मुदतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. आणि अवैध सावकारीला आळा घालण्यासाठी २०१४ मध्येही महाराष्ट्राला नवा कायदा करावा लागला. अर्थशास्त्राच्या वर्गात कर्ज, तारण आणि जोखीम यांच्या व्याख्या आम्ही सांगतो. या नाटकात ती जोखीम माणसाच्या छातीवर सुरी होऊन येते.

भाषेच्या दृष्टीने तर न्यायालयाचा प्रवेश म्हणजे खजिनाच आहे. सारा खटला रोख्यातील शब्दांवर फिरतो. रोख्यात मांस लिहिले आहे, रक्त लिहिलेले नाही, एवढ्या एका भेदावर माणसाचा जीव वाचतो. उद्या हाच विद्यार्थी इंग्रजीतील एखाद्या कर्जाच्या अर्जावर किंवा जामीनपत्रावर सही करणार आहे. कागदावरील प्रत्येक शब्द बांधून घेतो, हे त्याला व्याकरणाच्या कोणत्या धड्यातून इतके नेमके कळेल? उपयुक्त इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांनी यापेक्षा उपयुक्त पाठ दाखवून द्यावा.

मात्र त्यासाठी संपूर्ण नाटक धावत संपवण्याचा हव्यास सोडला पाहिजे. कथा आधी मराठीत सांगावी. ज्यांच्या घरी कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, त्यांना ती आपल्या बोलीत सांगू द्यावी. मग हा एकच प्रवेश घेऊन भूमिका वाटाव्यात, उभे राहून मोठ्याने वाचून घ्यावे आणि शेवटी तोच रोखा आजच्या सोप्या इंग्रजीत लिहून घ्यावा. मराठी रंगभूमीनेही शेक्सपिअर असाच आपलासा केला. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' केला. मातृभाषेतून मूळ कृतीकडे जाण्यात कमीपणा कसला?

एक दक्षता आवश्यक आहे. या नाटकातील सावकार ज्यू आहे आणि त्याच्या धर्माची यथेच्छ हेटाळणी होते. इंग्लंडने ज्यूंना १२९० मध्ये हद्दपार केले होते आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे राहण्याची मुभा नव्हती. १५९६ च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकाच्या बहुतेक प्रेक्षकांना ज्यू ठाऊक होता तो ऐकीव द्वेषातून. युरोपात अनेक ठिकाणी इतर व्यवसायांची दारे बंद करून ज्यूंना सावकारीकडे ढकलले गेले, हा इतिहास अध्यापकाने सांगितलाच पाहिजे. नाहीतर कर्जाने पोळलेल्या मुलांच्या मनात एका समाजाविषयी तिरस्कार तेवढा शिल्लक राहील.

खटल्याच्या शेवटी त्या सावकाराचे धन जाते आणि त्याला धर्मही बदलावयास लावतात. हा न्याय झाला काय, असा प्रश्न वर्गाला विचारावा आणि उत्तर मोडक्यातोडक्या का होईना, पण इंग्रजीतच मागावे. विद्यापीठांनीही अशा तोंडी उत्तराला परीक्षेत गुण ठेवावेत. ज्याला गुण नाहीत ते वर्गात टिकत नाही, हा आपला अनुभव आहे. स्वतःचे मत मांडण्यासाठी धडपडणारा विद्यार्थी जी चार वाक्ये जुळवील, ती गाईडमधील चाळीस पानांहून अधिक काळ त्याची सोबत करतील.