लावणे आणि लागणे : कोरडवाहू मुलखातील वृक्षसंगोपनाची क्रियापदे

मराठवाड्यातील शेतकरी झाड 'लावतो'. पुढे ते झाड 'लागते'. पहिल्या क्रियापदाचा कर्ता माणूस आहे, दुसऱ्याचा कर्ता स्वतः झाड. 'रोप लागले' याचा अर्थ त्याने मूळ धरले, आता ते आपल्या बळावर उभे राहील, असा होतो. रूपदृष्ट्या ही जोडी 'जिरणे–जिरवणे' किंवा 'जगणे–जगवणे' यांच्याइतकी सरळ नाही. अर्थदृष्ट्या मात्र ती प्रयोज्य-प्रयोजकाचीच जोडी होय. या दोन क्रियापदांच्या मध्ये कोरड्या मुलखात दोन-तीन उन्हाळे असतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीच्या मोहिमेसाठी अनुक्रमे २, ४, १३ व ३३ कोटी झाडांची उद्दिष्टे ठरविली होती. ही संख्या पहिल्या क्रियापदाची आहे. प्रस्तुत लेखाचा विषय दुसरे क्रियापद हा आहे.

वसमतचा परिसर (पूर्वी परभणी जिल्ह्यात, १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात) मरुभूमी नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. येथील वार्षिक पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास असतो. इस्राएलमधील नेगेव वाळवंटात, जेथे पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो, तेथे अवदात येथील प्राचीन नबाती लोकांची शेते मायकेल एवेनारी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभी केली आणि आसपासच्या उतारांवरून वाहून येणाऱ्या पाण्यावर फळझाडे वाढविली. मग आठपट पावसाच्या मुलखात रोपे का वाळावीत? कारण असे की, येथील पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडून जातो आणि पुढचे आठ महिने झाडाला जमिनीने जे धरून ठेवले असेल त्यावरच काढावे लागतात.

हे धरून ठेवणे मराठीत 'जिरणे' या शब्दाने व्यक्त होते. संस्कृत 'जीर्यति'पासून आलेले हे क्रियापद अन्नालाही लागते आणि पाण्यालाही. पोटात अन्न जिरते, भुईत पाणी जिरते. ('जिरायत' शब्दाचा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तो शेती या अर्थाच्या अरबी शब्दापासून फारसीमार्गे आला आहे. तथापि ऐकणाऱ्याला त्यात 'जिरणे' ऐकू येते, आणि तो चुकीच्या वाटेने बरोबर ठिकाणी पोहोचतो.) काळ्या जमिनीचे हे पचन अवघड आहे. तिच्यातील चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून झपाट्याने खाली जाते. मग भेगा मिटतात आणि नंतरचे पाणी वर साचून राहते. शिवाय या मातीने धरलेल्या पाण्याचा बराच भाग ती इतक्या घट्टपणे धरते की मुळांना तो ओढून घेता येत नाही. माती हाताला दमट लागत असता रोप सुकलेले दिसते, त्याचे कारण हेच.

म्हणून लावणीची वेळ तारखेने ठरत नाही, 'वापशा'ने ठरते. जमिनीतील जादा पाणी निचरून गेले आहे, पण ओल टिकून आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवा खेळते आहे, अशी ही अवस्था. 'वाफसा' या पर्यायी रूपामुळे 'वाफ' (संस्कृत 'बाष्प') शब्दाशी त्याचे नाते जोडावेसे वाटते. या एका शब्दात मृदाशास्त्राचे निदान एक प्रकरण तरी सामावले आहे. उन्हाळ्यात खड्डे खणून तापू द्यावेत, त्यांत माती व शेणखत भरावे, आणि जुलैमध्ये ओलीला ओल मिळाल्यावर वापसा साधून रोप लावावे. रोप लहानच असावे. पिशवीत वर्षानुवर्षे वाढलेल्या उंच रोपाचे सोटमूळ तळाशी वळलेले असते. ते पुढे सरळ खाली जाणे कठीण.

रोपाभोवती 'आळे' हवे. हा शब्द संस्कृत 'आलवाल'शी जोडला जातो. कालिदासाची शकुंतला आश्रमातील झाडांची आळीच भरत असते. काळ्या जमिनीत मात्र आळ्याचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो. खोडापाशी मातीचा उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. पावसाळ्यात आळ्याला एका बाजूने वाट करून द्यावी, दिवाळीनंतर ती बुजवावी. तेव्हापासून वरची माती खुरपून भेगा मोडत राहणे हे पाणी घालण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. भेग नुसती ओल घालवीत नाही, कोवळी मुळेही तोडते. त्यावर आच्छादन हवे. वसमतला ऊस व हळद दोन्ही पिकत असल्याने पाचट आणि हळदीचा वाळलेला पाला यांसाठी दूर जावे लागत नाही. आळ्यात तोंडापर्यंत पुरलेले, झिलई नसलेले मडके भोवतालची माती सुकेल तसतसे पाणी सोडते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील फान शंगजी यांच्या चिनी कृषिग्रंथात हीच युक्ती वेलवर्गीय पिकांसाठी सांगितली आहे.

तिसरे क्रियापद 'उगवणे'. त्याला माणसाची गरज नसते. वसमत तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव ज्या झाडाचे नाव धारण करते, ते सहसा कोणी लावीत नाही. मुळांना फुटलेल्या धुमाऱ्यांतूनही ते पसरते. बाभळीचे बी शेळीच्या पोटातून गेले की अधिक चांगले रुजते. निंबाचे बी थोड्या आठवड्यांत निर्जीव होते, म्हणून निंबोळी ताजी असतानाच जागेवर टाकावी. बांधावर आपोआप उगवलेल्या निंबाला काट्यांची वई घालणे हे माझ्या मते नवे रोप आणून लावण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक भरवशाचे आहे. पण अशा झाडाची नोंद लागवडीत होत नाही.

पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी व सिद्धेश्वर धरणांचे पाणी आल्यापासून या भागात उलट प्रकारची हानीही संभवते. पाटालगत निचरा नसलेली जमीन 'चिबड' होते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पाण्यात उभे राहून वाळते. सवयीने रोज तांब्याभर पाणी घालणेही तितकेच घातक, कारण त्याने मुळे वरच्या वीतभर मातीतच घुटमळतात. पाणी भरपूर द्यावे, परंतु अंतर वाढवीत न्यावे : पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याने, दुसऱ्यात पंधरवड्याने, जमिनीची खोली पाहून. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी तोडावे. चैत्रात त्या झाडाला पाण्यावाचून पालवी फुटली, तर ते लागले.