मोठी पैज केव्हां लावावी?



दमयंतीचें माहेर कुंडिनपूर. वर्धाकाठचें कौंडिण्यपूर तें हेंच, असें आपल्याकडे मानितात. आणि तीच वर्धा पुढें यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते. तिच्या पतीनें, नलानें, द्यूतांत राज्य गमावलें ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. आजचा विषय मात्र पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळांतील मोठ्या पैजेचा आहे.

आमच्या यवतमाळकडे दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी घरीं येते, आणि तीनपत्तीचे डावही तेव्हांच रंगतात. तीनपत्तींत पैज मागच्या पैजेच्या ठराविक पटीनेंच वाढते. पोकरच्या मर्यादा नसलेल्या प्रकारांत मात्र डावांत 100 रुपये जमले असतां एकदम 200 लावतां येतात.

त्यानें काय साधतें? प्रतिपक्षाला 200 भरून 300 मिळवावयाचे असतात. म्हणजे शंभरांत निदान 40 वेळां आपण जिंकूं असा भरंवसा त्याला हवा. पैज 50 चीच असती, तर 25 वेळां पुरलें असतें. म्हणून मध्यम पानांवर मोठी पैज लावणें व्यर्थ होय. दुबळा पळून जातो, बलवान तेवढा थांबतो. ती शोभते सर्वोत्कृष्ट पानांना, अथवा अगदीं निकामी पानांना. आणि तीही प्रतिपक्षाच्या आधींच्या संथ खेळावरून त्याच्याजवळ सर्वोच्च पानें नसावींत असें दिसेल तेव्हांच. समजा, उघड्या पांच पानांत तीन इस्पिकें आहेत व इस्पिकाचा एक्का आपल्या हातीं आहे. मग एक्क्याचा कलर त्याच्याजवळ असणें शक्यच नाहीं. हूल देण्यास याहून बरी संधि विरळा! तरीही 100 साठीं दिलेली 200 ची हूल तीनांतून दोनदां फळली, तरच तोटा टळतो.

हा हिशेब पुष्कळ डावांचा आहे, एका डावाचा नव्हे. बियाण्याचे पैसे एकदां गेले कीं पुढचा डावच उरत नाहीं. कापूस पेरणाराला मृगाच्या सरीवर विसंबून बियाणें मातींत टाकावें लागतें. पाऊस दडला तर दुबार पेरणी. पानें टाकून उठण्याची मुभा त्याला नाहीं. पत्ते खेळणाराला ती आहे, आणि तरी ती तो वापरीत नाहीं, याचें मला नवल वाटतें.

नलानें ती पुढें वापरली. ऋतुपर्णाबरोबर कुंडिनपुराकडे येतांना, वाटेंत एका बेहड्याच्या झाडाशीं, त्याला अक्षविद्या मिळाली. त्यानंतरच त्यानें पुष्कराला पुन्हां आव्हान दिलें व एकाच डावावर सर्वस्व लावून राज्य परत जिंकलें. त्या पणांत दमयंतीही होती. पहिल्या वेळीं तिला पणाला लावण्यास त्यानें नकार दिला होता; विद्या आल्यावर तो तयार झाला, हें मला आजही खटकतें.