पंचवीस पिनांची वीस वर्षं

संगणकाच्या पाठीमागे प्रिंटर जोडायला पंचवीस पिनांचं एक सॉकेट असायचं, त्याला पॅरलल पोर्ट म्हणत. साधारण १९९५ ते २०१५ या काळात जगभरच्या हौशी लोकांनी त्या सॉकेटमधून मिलिंग मशीन, लेथ आणि राउटर चालवले. या काळाबद्दल बोलताना सहसा स्वस्ताईचं कौतुक होतं: लाखोंचं काम हजारांत झालं, वगैरे. ते खरं आहे, पण मला ते दुय्यम वाटतं. त्या वीस वर्षांची खरी कमाई म्हणजे यंत्राचं आयुष्य त्याच्या कंट्रोलरच्या आयुष्यापासून मोकळं झालं. जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणाऱ्या सिहोऱ्यासारख्या तहसिलीच्या गावातून पाहिलं की हे जास्त नीट कळतं. या भागात लोखंड नवं नाही; सिहोऱ्याच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत. हाताची कारागिरीही नवी नाही. जबलपुरात १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, १९४२ पासून खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली आणि १९७२ मध्ये ग्रे आयर्न फाउंड्री. टर्नर-फिटरांच्या पिढ्या तिथे घडल्या. अशा भागात छोट्या वर्कशॉपची अडचण लोखंडाची किंवा हाताची नसते. अडचण असते ती यंत्राला हुकूम देणाऱ्या पेटीची, म्हणजे कंट्रोलरची, कारण तिच्या आत काय चालतं हे ती बनवणाऱ्यालाच ठाऊक.

ही पेटी सुरुवातीपासूनच जड आणि महाग होती. अमेरिकेत जॉन पार्सन्सच्या कल्पनेवरून आणि हवाई दलाच्या पैशावर एमआयटीने १९५२ मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हा त्याचं नियंत्रण यंत्रापेक्षा जास्त जागा अडवत होतं. पुढे पेटी लहान झाली, पण बंदच राहिली. यंत्राला द्यायच्या आज्ञांची भाषा, म्हणजे जी-कोड, आरएस-२७४ या नावाने प्रमाणित झाली, तरी त्या आज्ञांचं मोटरच्या हालचालीत रूपांतर करणारा भाग प्रत्येक कंपनीने स्वतःकडे ठेवला. नेमका तिथेच आयबीएमचा १९८१ चा पीसी उपयोगी पडला, आणि तोही ध्यानीमनी नसताना. त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे नकाशे छापलेले होते. प्रिंटरचं पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे हे गुपित नव्हतं: बहुतेक पीसींवर ८८८. बेसिकमध्ये ‘आउट ८८८, १’ एवढी ओळ लिहिली की दोन नंबरच्या पिनवर पाच व्होल्ट यायचे. दोन ते नऊ या आठ पिना, शिवाय एक, चौदा, सोळा आणि सतरा, अशा बारा पिनांतून संकेत बाहेर पाठवता येत. दहा ते तेरा आणि पंधरा या पाच पिनांतून ते आत घेता येत. तीन अक्षांना प्रत्येकी दोन तारा, एक पावलाची आणि एक दिशेची. सहा पिना त्यात गेल्या, तरी स्पिंडलच्या रिलेला आणि कूलंटला जागा उरत होती. लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप आत येणाऱ्या पिनांवर बसायचे.

यातली पावलाची तार जवळून पाहण्यासारखी आहे. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाने प्रत्येक पावलाचे दहा भाग केले की एका फेऱ्याला २,००० पल्स, म्हणजे विजेचे ठोके, लागतात. पाच मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूवर एका मिलिमीटरला ४०० पल्स झाल्या, म्हणजे एका पल्सला टेबल अडीच मायक्रॉन सरकतं. मॅक-थ्री या सॉफ्टवेअरचा मूळ वेग सेकंदाला २५,००० पल्सचा. त्या हिशेबाने टेबल मिनिटाला ३,७५० मिलिमीटर धावू शकतं, आणि घरगुती यंत्राला ते भरपूर आहे. पण अट अशी की दर चाळीस मायक्रोसेकंदांनी संगणकाने हातातलं सगळं बाजूला ठेवून पोर्टकडे पाहिलंच पाहिजे. पल्स उशिरा गेली तर मोटर गुरगुरते, फार उशिरा गेली तर पाऊल चुकतं. आणि चुकलेलं पाऊल यंत्राला कळत नाही, कारण परत विचारणारं कोणी नसतं. जॉब मात्र बिघडतो.

डॉसच्या काळात हे सोपं होतं. एका वेळी एकच प्रोग्राम चाले, म्हणून टर्बोसीएनसीसारखं सॉफ्टवेअर साध्या पीसीवर यंत्र हाकू शकलं. विंडोज आलं आणि संगणकाचं लक्ष दहा ठिकाणी वाटलं गेलं. यावर दोन उत्तरं निघाली. कॅनडाच्या आर्ट फेनर्टी यांनी विंडोजच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर प्रोग्राम घालून ठरावीक वेळाने पोर्टचा ताबा मिळवला, आणि त्यातून मॅक-थ्री घडलं. दुसरं उत्तर अमेरिकी सरकारच्या एनआयएसटी या मानक संस्थेतून आलं. तिथे नव्वदच्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ लिहिला गेला. सरकारी नोकरांनी लिहिलेलं म्हणून त्यावर अमेरिकेत कोणाचाच स्वामित्वहक्क नव्हता. स्वयंसेवकांनी तो उचलला, रिअल-टाइम लिनक्सवर बसवला, आणि नावावरून पेच उद्भवल्यावर २०१२ च्या आवृत्तीपासून त्याला लिनक्ससीएनसी म्हणू लागले. माझ्या मते या दुसऱ्या वाटेचं मोल जास्त आहे. त्यातल्या ‘हॅल’ या थरात कुठला संकेत कुठल्या पिनवर जातो हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. सोबत पडद्यावरचा ऑसिलोस्कोपही मिळतो, त्यामुळे आत काय घडतंय ते डोळ्यांनी पाहता येतं.

म्हणजे वर जी-कोड, खाली पाऊल-दिशेच्या दोन तारा, आणि दोन्ही सगळ्यांना माहीत. मधे कुठला संगणक आहे याला फारसं महत्त्व उरलं नाही. याचा पुरावा पोर्ट संपलं तेव्हा मिळाला. लॅपटॉपवरून पॅरलल पोर्ट गेलं, चौसष्ट-बिट विंडोजवर मॅक-थ्रीचा पोर्ट ड्रायव्हर चालेना, यूएसबीला असलं वेळेचं बंधन सांभाळता येईना. पण यंत्रं भंगारात गेली नाहीत. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सेथ यांनी आर्डुइनो या छोट्या कंट्रोल बोर्डावर चालणारं ग्रब्ल लिहिलं. त्यावरच्या चिपने वेळेवर पल्स पाठवण्याचं काम घेतलं, संगणकाकडे जी-कोड पाठवण्याचं उरलं. मोटरा, ड्रायव्हर, स्क्रू, जुने जी-कोडचे प्रोग्राम, बहुतेक सगळं तसंच वापरता आलं. लोखंड पन्नास वर्षं टिकतं आणि इलेक्ट्रॉनिक्स पंधरा. या दोघांना एकमेकांपासून सोडवता आलं तरच पन्नास वर्षांचं लोखंड पन्नास वर्षं कामाला येतं.

यावर जाणकार कारखानदार म्हणेल की हा पोरखेळ होता: ना परतीचा संकेत, ना भरवशाची सुरक्षितता. त्याचा आक्षेप मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. पीसी चालू होताना पोर्टच्या पिना कशाही वर-खाली होतात, आणि त्यातल्या एखाद्या पिनवर स्पिंडलचा रिले असेल तर बोटं जाऊ शकतात. पण उपायही तिथेच निघाला. सॉफ्टवेअर जिवंत असेपर्यंत एका पिनवर सतत १२.५ किलोहर्ट्झचा ठोका द्यायचा, आणि तो थांबला की पोर्टला जोडलेल्या बोर्डाने सगळं बंद करायचं. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता थेट विजेच्या तारेत बसवायचा, हा दंडकही हौशी लोकांत रुळला. विमानाचे सुटे भाग या यंत्रांवर कोणी करू नयेत. फिक्श्चर, साचे, गिअरचे नमुने, पितळी पाट्या हे सगळं मात्र त्यांच्यावर उत्तम होतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ही हौस गॅरेज असलेल्या देशांची, आपल्याकडे ती होतीच कुठे? साधनांची वाण नव्हती, हे आधी सांगायला हवं. बिलाच्या तीन प्रती काढायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागत, म्हणून आपल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत पॅरलल पोर्टचे पीसी बराच काळ टिकले. ड्रायव्हरच्या चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळत. आणि गावातली माणसं अशी यंत्रं हाताळू शकतात का, याचं उत्तर पाबळने दिलेलं आहे. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेच्या चौकटीत न बसणाऱ्या मुलांनी काम करत शिकावं ही त्यांची भूमिका होती. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅबची कल्पना एमआयटीबाहेर पहिल्यांदा उतरली ती २००२ मध्ये, याच पाबळमध्ये. संगणकाच्या आज्ञेवर कापणारी यंत्रं गावातल्या मुलांच्या हातात आली, हे बोस्टनच्या बाहेर आधी पुणे जिल्ह्यात घडलं. उणीव होती ती अशा जागांच्या संख्येची.

आज चित्र वरवर फार चांगलं दिसतं. लाकडी दारांवर आणि एमडीएफच्या जाळ्यांवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटर तालुक्यातालुक्यांत आहेत. बहुतेकांवर एक तर पीसीआय कार्ड असतं, नाही तर हातात धरायचा डीएसपी रिमोट. चालवणारा मुलगा तयार डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवरून घालतो, झेड-शून्य लावतो आणि बटण दाबतो. यंत्र पॅरलल पोर्टच्या काळापेक्षा वेगवान आहे, सुबक आहे. मला त्या मुलाच्या कसबाबद्दल शंका नाही. पण कार्ड जळलं आणि ते बनवणाऱ्याने बंद केलेलं असलं, तर सिहोऱ्यातल्या दुकानदाराने काय करायचं? त्याला सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहावी लागते, आणि कित्येकदा सगळी कंट्रोल पेटी नव्याने घ्यावी लागते. खरं तर त्या पेटीच्या खालच्या टोकाला त्याच पाऊल-दिशेच्या दोन तारा आहेत. ड्रायव्हरवर ती नावं छापलेलीही असतात. हे ओळखणाऱ्या माणसासाठी दुरुस्ती दोन दिवसांची असते.

म्हणून हा काळ आयटीआयमध्ये शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो इतिहासाच्या तासाला नव्हे, प्रत्यक्ष कामाच्या टेबलावर. जबलपुरात २००५ पासून आयआयआयटीडीएम ही संस्था आहे, जिच्या नावातच डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग आहे. सिहोरा तिथून लांब नाही. सरकारी कारखाने आणि शिक्षणसंस्था जुनी यंत्रं लिलावात काढतात, आणि त्यांतल्या कित्येकांचं ओतीव लोखंड शाबूत असतं, मेलेला असतो तो कंट्रोलर. लिनक्ससीएनसी आजही फुकट मिळतं आणि आजही पॅरलल पोर्ट ओळखतं. त्यासाठी लागणारा जुना पीसी भंगारवाल्याकडे पडलेला असतो. असं एखादं मिलिंग मशीन विकत घ्यावं, त्याच्या जुन्या मोटरा तपासाव्यात, नवे ड्रायव्हर बसवावेत, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पिन नंबर दोनवर ऑसिलोस्कोप लावून पहिली पल्स पाहावी. बॅकलॅश मोजणं, पल्सचा हिशेब मांडणं आणि इमर्जन्सी स्टॉपची तार ओढणं त्यानंतरच्या आठवड्यांत आपोआप येतं.